झेंडू आणि घाटेअळीचं पाखरू

“पोरीला इंग्रजी शाळंत घातली, आन् ती आता वावरात आळ्या पाळती!” काका बांधावर उभं राहून शेजारच्या भाऊंना सांगत होते.

भाऊ हसले. “नावं बी इंग्रजीच ठिवली आसतील, राव.”

मी दोन सऱ्या पलीकडे टोमॅटोच्या झाडांत वाकले होते. दोघांनाही ते माहीत होतं. मी बोलत नाही, म्हणजे मला ऐकूही येत नाही, असं आमच्याकडे सगळे धरून चालतात.

वारूळवाडीच्या आमच्या वावरात टोमॅटोच्या मधे झेंडू मी लावला होता. त्याची रोपं आधी तयार केली, म्हणजे दोन्ही एकदमच फुलावर यावीत. घाटेअळीचा पतंग अंडी घालायला टोमॅटोच्या आधी झेंडूची कळी शोधतो. रोज सकाळी त्या कळ्या तपासायच्या, अळ्या वेचून साबणाच्या पाण्यात टाकायच्या. पाळायच्या नाहीत, मारायच्या.

पतंग मळकट, वाळक्या पानाच्या रंगाचा. दिवसा पानाआड बसतो. त्याला स्वतःचं नावसुद्धा नाही, नुसतं पाखरू म्हणतात. नाव आहे ते अळीला, कारण नुकसान ती करते. झेंडूचं उलटं. फूल तेवढं सगळ्यांना ठाऊक, खालच्या झाडाकडे कुणी बघत नाही. पानं चुरडली तर बोटांना दिवसभर उग्र वास राहतो. एकाला नुसत्या शिव्या, दुसऱ्याचे नुसते हार. दोघांचं एकमेकांशी काय चाललंय, ते बघायला कुणाला वेळ नाही.

दसरा दोन दिवसांवर होता. काकांनी विळा काढला. “ट्रॅक्टर, पिकप, मोटार, समद्यांना हार व्हतील. घरचा झेंडू आसताना इकत कशाला आणायचा?”

गेल्या वर्षीही त्यांनी सगळा झेंडू असाच कापला होता. मग झेंडूची कळी न उरल्यानं अळी टोमॅटोत शिरली, भोकं पडलेली फळं बांधावर ओतावी लागली, आणि घरात ठरलं की कीड झेंडूनंच आणली. मी तेव्हा गप्प बसले. माझी मराठी पुस्तकी आहे, तिला हसतात. यंदा बाबांनी बजावलं होतं, पुन्हा अळी पडली तर झेंडू कायमचा बंद.

पहिलं झाड आडवं झालं. मी काकांच्या आणि ओळीच्या मधे जाऊन उभी राहिले.

“काका, विळा खाली ठेवा. गेल्या वर्षीची फळं झेंडूनं नाही, तुम्ही नासवलीत. हार पाहिजेत तर विकत आणा. यातली एक कळीसुद्धा मी तोडू देणार नाही.”