जॉर्जचा वैरी

"हात काढला?" असं आप्पा विचारायचे आणि उत्तराची वाट न बघता कानाखाली वाजवायचे.

माझी पहिली थप्पड पलूसच्या उतारावरची. मी पंपाच्या दुकानात फिटर होतो. लग्न झालेला, दोन पोरांचा बाप, म्हणजे मार खायचं वय कधीच सरलेलं. सायकलवरून येताना दोन्ही हात सोडून विडी पेटवत होतो, तेवढ्यात हा उंचापुरा म्हातारा समोरून आला आणि त्यानं कानाखाली वाजवून मला सायकलीसकट गटारात पाडलं. मग स्वतःच हात देऊन उठवलं आणि शर्टाचा चिखल झटकला.

"लय लागलं का?"

"आवं, मारलं कशापायी?"

"हात काढलास म्हणून. विडी पेटवायची तर उतरायचं, पेटवायची, मग बसायचं. मेला असतास गड्या."

मी त्यांना चार शिव्या मोजून दिल्या. त्यांनी मान डोलवत ऐकून घेतल्या आणि मला चहाला घेऊन गेले. आमची ओळख ही अशी झाली. गावात निम्म्या लोकांची त्यांच्याशी ओळख अशीच झालेली होती.

आप्पा मुंबईला विमानाच्या कारखान्यात, म्हणजे हँगरात, मेकॅनिक होते. दुष्काळाच्या वर्षी ते गावी परत आले. कंपनीनं जुनी डाकोटा विमानं मोडीत काढली, नवी जेट आणली, आणि जुन्या विमानांबरोबर जुनी माणसंही घरी पाठवली. आप्पा मात्र सांगायचे, "मला जॉर्जनं घालवलं."

हा जॉर्ज म्हणजे कुणीतरी गोरा साहेब, असं गावानं धरून चाललं होतं. आप्पा त्याला सकाळ-संध्याकाळ शिव्या द्यायचे. जॉर्जनं माणसं मारली, जॉर्जवर खटला झाला नाही, जॉर्ज आता बढती मिळून जेटमध्ये बसतो, असं सगळं पारावर चालायचं. त्यांच्या शेजारच्या रानाचा मालक कोंडिबा पैलवान एकदा भर पारावर मांडी थोपटून म्हणाला, "आप्पा, त्यो जॉर्ज एकदा दावा तरी. मुंबईला जाऊन तंगड्या मोडून येतो."

"त्येला तंगड्या न्हाईत, पैलवान."

"मग हात मोडू."

"हातबी न्हाईत. त्येच तर दुखणं हाय."

कोंडिबाला वाटलं, साहेब लढाईत लुळा झालेला दिसतो. तो हळहळला.

जॉर्ज म्हणजे विमान आपोआप चालवणारं यंत्र. त्याचं खरं नाव ऑटोपायलट, पण पायलट लोक लाडानं त्याला जॉर्ज म्हणत. खटका ओढला की जॉर्ज विमान धरतो आणि पायलट हात काढून चहा पितो. हे मला आप्पांनी दुकानात बसून समजावलं, आणि मी ते गावाला समजावलं नाही. कोंडिबाची हळहळ मला फार आवडली होती.

माणूस मारकुटा, पण उगाच हात उगारणारा नव्हता. त्यांची दोनच कारणं ठरलेली. एक, चालत्या यंत्रावरून हात काढणं. दुसरं, वाट अडवणं. नोकरीची शेवटची काही वर्षं त्यांना विमानाच्या आतल्या खुर्च्या बसवायच्या कामावर टाकलं होतं. दोन रांगांत किती जागा सोडायची, दारापाशी काय ठेवायचं नाही, हे त्यांच्या डोक्यात पक्कं बसलेलं. तासगावच्या एसटीत एकदा कंडक्टरनं मागच्या संकटकाळच्या दाराला बेदाण्याची पोती लावली. आप्पांनी ती एकेक करून खिडकीतून रस्त्यावर फेकली. कंडक्टरनं तिकिटांची पत्र्याची पेटी त्यांच्या कपाळावर घातली, आप्पांनी त्याला सीटवर आडवा करून छातीवर गुडघा दिला. रक्त डोळ्यात उतरत होतं आणि हे ओरडत होते, "जळताना कुठनं पळणार रं? सांग, कुठनं पळणार?" व्यापारी खाली उतरून बेदाणे गोळा करत होता.

कोंडिबाच्या पुतणीच्या लग्नात तर त्यांनी पंगतीच उधळल्या. मांडवाच्या एका टोकाला चुली पेटलेल्या, बाहेर पडायची वाट पानं मांडून बंद केलेली. आप्पा आले, बघितलं, आणि मधली एक पंगत लाथेनं उठवली. वरण-भात वऱ्हाडाच्या अंगावर. वराच्या मामानं त्यांना धरून चांगलं चोपलं. ओठ फाटला, तरी आप्पा मांडवाच्या मधोमध हात पसरून उभे राहिले आणि वाट मोकळी झाल्यावरच खाली बसले. मग त्याच मामाच्या शेजारी बसून जेवले. मला हसू आवरत नव्हतं.

हसू गेलं ते एका दुपारी. वीज गेलेली, दुकानात मी आणि ते दोघंच होतो. त्यांनी तळहात माझ्यासमोर धरले. कातडी गुळगुळीत होती, रेषा नव्हत्याच.

"डाकोटा धावपट्टीवर सुटलं आन् उठंना," ते म्हणाले. "जॉर्जचा खटका चालूच राहिला हुता. पायलट सुकाणूचा दांडा मागं वडतोय आन् जॉर्ज त्येच्या हातातनं हिसकतोय. दोघांच्या झोंबाझोंबीत विमान कुंपण मोडून गेलं आन् पेटलं. मी पळत गेलो. आत माझा जोडीदार हुता, मेकॅनिक, आपल्या कडेगावचाच. दाराशी सामानाच्या पेट्या. त्येला मी दंडाला धरून वडला, तर दंडाचं कातडं माझ्या हातात आलं आन् त्यो आतच ऱ्हायला."

मी स्टूल त्यांच्याकडं सरकवलं.

"चौकशीचा सायेब म्हणाला, यंत्र बराबर हुतं, मानूस इसरला. मी पाना घातला त्येच्या जबड्यात. आरं, मानूस इसरतोच की! मग इसरल्यावर मारून टाकायचं व्हय त्येला?"

ते रडले. एवढा मोठा माणूस स्टुलावर बसून, गुळगुळीत हातांनी तोंड झाकून रडला, आणि मला त्यांच्या सगळ्या थपडा एकदम समजल्या.

आता आमच्या भागातला जॉर्ज सांगतो. त्या वर्षांत वीज कधी जाईल, कधी येईल, नेम नव्हता. उसाला पाणी तर पाहिजे. मग लोकांनी युक्ती काढली. स्टार्टरची पेटी उघडायची, आतला लोखंडी खटका दाबायचा आणि सायकलच्या ट्यूबनं करकचून बांधून टाकायचा. वीज आली की मोटार आपसूक चालू. घरी झोपा, नाहीतर बाजाराला जा. बंद करायचं लाल बटनही मग काही कामाचं राहत नाही. जळक्या मोटारी माझ्याकडं यायच्या, माझं पोट त्यावर चालायचं. तरी मला ते दृश्य बघवत नसे.

आप्पांना तर अजिबात नाही. ते हातात विळा घेऊन शिवारभर फिरायचे आणि दिसेल ती ट्यूब कापायचे. लोकांचा ऊस वाळायला लागला. एकदा कोंडिबानं त्यांना आपल्या विहिरीवर ट्यूब कापताना पकडलं. जॉर्जचे हात मोडायला निघालेला हा पैलवान, त्यानं आप्पांच्याच दोन बरगड्या मोडल्या. मी आणि माझ्या मालकानं त्यांना बैलगाडीत घालून आणलं. गाडीत कण्हत ते म्हणत होते, "जॉर्ज आला रं. माझ्या मागं गावाला आला."

त्यांचा मुलगा सुभाष त्याच हँगरात नव्या जेटवर कामाला होता; बायको आणि पोरगा इथं आप्पांजवळच राहायचे. सुभाष माझ्याहून धाकटा, हुशार, बापासारखाच तापट. बापाला एकच घोर होता. ह्या पोरानं जॉर्जवर विसंबू नये, एवढंच त्यांना मरायच्या आधी बघायचं होतं. त्या उन्हाळ्यात तो सुट्टीवर आला आणि दोघांची पहिल्याच दिवशी जुंपली.

"आप्पा, आता तसं न्हाई. नव्या विमानात दांड्यावरच बटन हाय. अंगठा दाबला की जॉर्ज सुटला."

"आन् अंगठा दाबायचं ध्यानातच आलं न्हाई तर?"

"न येऊन कसं चालंल? शिकवत्यात की."

"त्या पायलटाला शिकवलं नव्हतं व्हय?"

"तुमी त्या एका डाकोटातच जळत बसा!"

आप्पांनी पायातली वहाण काढली आणि सुनेसमोर, नातवासमोर त्याला मारत सुटले. सुभाषनं वहाण हिसकून लांब फेकली, बापाचा गळा धरला आणि भिंतीवर दाबला. मी मध्ये पडलो तर माझ्या नाकावर कोपर बसलं. त्यानंतर बापलेक एकमेकांशी बोलेनासे झाले. सुभाष मला म्हणायचा, "म्हातारं भितंय, दुसरं काय." मी म्हणालो, भितात, आणि ते तुझ्यासाठी भितात. त्यानं मान फिरवली.

आणि त्यानं बापाच्या नाकावर टिच्चून घरच्या विहिरीवरचा खटका बांधला.

दोन दिवसांनी दुपारी वीज नव्हती. मोटारीवरून पंप फिरवणारा पट्टा उतरला होता. मोटार विहिरीत मधल्या कट्ट्यावर आणि स्टार्टर वर खोपटात. सुभाष एकटाच खाली उतरून पट्टा चढवायला लागला. त्यानं स्वतः बांधलेलं तो स्वतः विसरला. आप्पा आणि मी बांधावरून येत होतो. सवयीनं ते आधी खोपटात शिरले, पेटी बघितली, आणि ओरडले, "सुभ्या! हात काढ!"

ज्या माणसानं आयुष्यभर हात काढू नका म्हणून माणसं बडवली, त्याच्या तोंडून मी हे ऐकलं. तेवढ्यात वीज आली.

खालून जी किंकाळी आली ती लिहिता येत नाही. पट्ट्यानं सुभाषचा पंजा चाकात ओढला होता. आप्पांनी ट्यूबला हिसका दिला. ती तुटेना. विळा घरी होता, बरगड्या मोडल्यापासून सुनेनं तो लपवून ठेवला होता. मेन स्विच त्या खोपटात नव्हताच, वायरी थेट खांबावरून आलेल्या. आप्पांनी माझ्याकडं एकदाही बघितलं नाही. त्या वायरी त्यांनी दोन्ही मुठींत धरल्या आणि सगळा देह मागं टाकून उपटल्या.

मोटार थांबली. आप्पा थरथरत उभेच होते. मी दाराचं लाकूड ओढून त्यांच्या मनगटावर घातलं, एकदा, दोनदा, हाड मोडल्याचा आवाज आला, तेव्हा वायरी सुटल्या आणि ते माझ्या अंगावर कोसळले. श्वास नव्हता. सुभाष पायऱ्या चढून वर आला, दोन बोटं नाहीत, रक्तानं माखलेला. त्यानं बापाला गदागदा हलवलं, छातीवर बुक्क्या मारल्या. "उठा आप्पा, मारा मला," म्हणत राहिला. मी त्याला ओढला नाही. ओढून कुठं नेणार होतो?

दुसऱ्या दिवशी सकाळी तालुक्याच्या दवाखान्यातून त्यांना आणलं. सगळं गाव आलं होतं, ज्यांनी मार दिला आणि ज्यांनी खाल्ला ते सगळे. तिरडीला पुढून खांदा कोंडिबानं दिला, कुणाला देऊ दिला नाही. सुभाष पुढं, पट्टी बांधलेला हात छातीशी आणि दुसऱ्या हातात विस्तवाचं मडकं.

ओढ्याकडं वळलो तर रस्त्यावर पाणी. सकाळीच वीज आली होती. शिवारात एक माणूस नव्हता, आणि डाव्या-उजव्या हातच्या सगळ्या विहिरींवर मोटारी चालल्या होत्या. सऱ्या भरून, बांध फोडून पाणी वाटेवर घोट्याएवढं झालं होतं. सगळे थबकले.

"कुणाची रं मोटार?" मागून कुणीतरी विचारलं.

कोंडिबानं खांदा बदलला नाही. "समद्यांचीच हाय," तो म्हणाला. "चला."

मग आम्ही आप्पांना तसेच पाण्यातून घेऊन गेलो. पुढं सुभाषनं विस्तवावर शिंतोडे उडू नयेत म्हणून मडकं उंच धरलं होतं.