सोपा शॉट चुकणारा माणूस

माझ्या सासऱ्यांचा अवघड शॉट कधी चुकत नसे. चुकायचे ते सोपे. हे आज मी मोठ्या तोऱ्यात लिहितेय, पण माझ्या डोक्यात ते शिरायला वर्ष लागलं. आणि माझं काम काय, तर लोकांचे डोळे तपासायचे. चष्म्याच्या दुकानात चौदा वर्षं काढलेल्या बाईला घरातल्या माणसाचे डोळे कळू नयेत, याची मला अजून लाज वाटते.

सासरे काच बसवणारे. दुकानांच्या दर्शनी काचा, खिडक्या, आरसे यांत त्यांचा जन्म गेला. काच कापताना रेघ एकदाच ओढायची असते. त्याच रेघेवरून पुन्हा कटर फिरवलं की काच भलतीकडेच तडकते. म्हणून आधी उभं राहून बघ बघ बघायचं आणि मग एका दमात काम उरकायचं, ही सवय त्यांच्या हाडात मुरलेली. पूल, म्हणजे टेबलावर काठीने बॉल मारायचा खेळ, तोही ते तसंच खेळत. रोज दुपारी तीन ते पाच, आमच्या दुकानामागच्या गल्लीतल्या हॉलमध्ये, खिडकीजवळच्या टेबलावर. समोर नेहमी एकच माणूस, त्यांचे मित्र सलूनवाले. तीस वर्षं हा उद्योग चालला होता. दोघांच्याही बायका त्या टेबलाला सवत म्हणायच्या.

मी तिकडे जायला लागले ती चष्म्यापायी. सासरे रोज चष्मा घरी विसरायचे आणि मी दुपारच्या सुट्टीत तो नेऊन द्यायचे. सहा महिन्यांत मी त्यांच्या काचांचा नंबर तीनदा बदलला होता. तरी म्हणायचे, ‘राहू दे गं, नाकावर ओझं होतं.’

मला त्या खेळातलं ओ की ठो कळत नव्हतं. पण पहिल्याच दिवशी जे पाहिलं त्याने मी चष्मा हातात धरून तशीच उभी राहिले. हिरवा बॉल टेबलाच्या कडेला अगदी चिकटून बसला होता. बॉल जायचं भोक, म्हणजे पॉकेट, पार दुसऱ्या टोकाला, आणि पांढरा बॉल अशा ठिकाणी की मला तरी तिथून काही होण्यासारखं दिसत नव्हतं. सासऱ्यांनी टेबलाभोवती एक फेरी मारली. पॉकेटमागे उभे राहून हिरव्याकडे पाहिलं. मग पांढऱ्यामागे दोन पावलांवर येऊन थांबले, उजवं पाऊल जमिनीवर असं ठेवलं की जणू तिथं खूण करून ठेवली होती, आणि वाकले. वाकल्यावर मात्र वेळ घालवला नाही. क्यूची काठी दोनदा मागेपुढे झाली, तिसऱ्यांदा मागे जाऊन क्षणभर थांबली आणि सुटली. पांढरा हिरव्याला नुसता चाटून गेला. हिरवा कडेकडेने संथपणे निघाला आणि पॉकेटच्या ओठांना न लागता आत गेला.

‘एवढ्या बारीक जागी नेम कसा धरता, बाबा?’ मी विचारलं.

‘रंगीत बॉलकडे बघायचंच नाही,’ ते म्हणाले. ‘पांढरा जिथं येऊन त्याला टेकायला हवा, ती रिकामी जागा बघायची. तिथं मनात एक बॉल ठेवायचा. जो नाहीये त्याच्या जागी पांढरा नेऊन बसवला की झालं.’

‘झालं म्हणे!’ सलूनवाले म्हणाले. ‘तीस वर्षं ऐकतोय. माझ्या मनातला बॉल जागेवर राहतच नाही.’

पुढच्याच पाळीला काळा बॉल पॉकेटच्या तोंडाशी होता. पांढरा त्याच्या समोर, नाकासमोर सरळ रेघेत. मीसुद्धा डोळे मिटून घातला असता. सासरे वाकले, मारला, आणि काळा कडेला आपटून परत आला. मी हसले. सलूनवाले हसले नाहीत.

सलूनवाल्यांची बायको जाऊन तेव्हा वर्ष होत आलं होतं, आणि नेमकं त्याच वर्षात ते सारखे जिंकायला लागले होते. सासरे सगळे बॉल घालत आणत आणि डाव ज्याच्यावर जिंकायचा तो शेवटचा काळा चुकत. असं किती वेळा व्हावं? तीनचार आठवड्यांनी एका दुपारी सलूनवाल्यांचा बांध फुटला. सासऱ्यांनी दोन अशक्य शॉट घातले होते आणि वीतभर अंतरावरचा काळा सोडला होता.

‘सोडलास,’ सलूनवाले म्हणाले.

‘चुकला.’

‘तू? हा बॉल? लाज वाटू दे. बायको गेली म्हणून वर्षभर मला जिंकवतोयस तू. मी काय रडकं पोर आहे? मला एकदा खरंखुरं हरव, मग तोंड दाखवीन.’ त्यांनी क्यू पिशवीत घातली आणि निघून गेले. सासरे क्यूच्या टोकाला लावायची खडूची वडी बोटांत फिरवत बसले.

पुढचे अकरा दिवस सलूनवाले आले नाहीत. सासरे रोज जात, एकटेच खेळत. जेवताना पानाकडे लक्ष नसे. नवरा म्हणाला, ‘बाबा, जाऊन समजूत घाला ना त्यांची.’ त्यावर ते म्हणाले, ‘काय सांगून घालू?’ आणि उठून गेले.

बाराव्या दिवशी मी न सांगता हॉलमध्ये गेले आणि दाराशी उभी राहून बघत राहिले. ते स्वतःच बॉल मांडत होते. तिरका शॉट, आत गेला. आणखी तिरका, गेला. केसभर चाटून जायचा, तोही गेला. मग त्यांनी एक सरळ मांडला. चुकला. पुन्हा सरळ, पुन्हा चुकला. पाच सरळ मांडले, पाचही चुकले. समोर कोणी नव्हतं. एकटा माणूस कुणासाठी मुद्दाम चुकेल? तिरक्या शॉटला ते बॉलशेजारच्या रिकाम्या जागेकडे बघत होते. सरळ शॉटला ती जागा आणि बॉल एकामागे एक येतात. तेव्हा बॉलकडेच बघावं लागतं.

मी त्यांना हाताला धरून दुकानात आणलं. भिंतीवरचा अक्षरांचा तक्ता त्यांनी घडाघडा वाचला, शेवटच्या ओळीपर्यंत. मला हायसं वाटलं, आणि मग आठवलं की त्या तक्त्याची फ्रेम आणि काच त्यांनीच बसवली होती. तक्ता त्यांना पाठ होता. मी डोळ्याचा पडदा तपासायचा चौकटींचा कागद काढला. मध्ये ठिपका असतो.

‘मधला ठिपका दिसतो?’

त्यांनी आधी एक डोळा झाकून पाहिलं, मग दुसरा. ‘तिथं पुसल्यासारखं आहे,’ शेवटी म्हणाले. ‘दुसऱ्या डोळ्यालाही. तू नंबर बदलत होतीस, मी बदलू दिला. तुझं मन कशाला मोडा.’

डॉक्टरांनी सांगितलं, पडद्याच्या मध्यावर झीज झालीय, दोन्ही डोळ्यांत, गेलं ते परत यायचं नाही. बाहेर आल्यावर सासरे एवढंच बोलले, ‘सलूनवाल्याला कळता कामा नये.’

‘बाबा, पण ते तर...’

‘बायको गेल्यावर तो घराबाहेर पडत नव्हता. जिंकायला लागला आणि रोज येऊ लागला. मुद्दाम हरलो म्हणून रागावलाय, रागावू दे. पण ते जिंकणं माझ्या डोळ्यांमुळे होतं हे कळलं, तर त्याच्या हाती काय उरेल?’

मी गप्प बसणारी बाई नाही, हे माझ्या घरात सगळे जाणतात. दुसऱ्या दिवशी मी सलूनमध्ये गेले. डोळ्यांचं नाव मात्र काढलं नाही. एका गिऱ्हाइकाची मान तिरकी करून ते वस्तरा चालवत होते. मी म्हटलं, ‘काका, बाबा तुमच्यावर दया करून कधीच हरले नाहीत. माझं ऐका, उद्या एकदाच या. नाहीतर दोघंही म्हातारे चुकीच्या गोष्टीवर रुसून मराल.’

ते आले. तोंड फुगवून, पण आले. त्या दुपारी सासरे जे खेळले ते मला आयुष्यभर पुरेल. बॉल दोन कडांना आपटून यायचा आणि पॉकेटमध्ये उतरायचा. पांढरा कुठे थांबणार ते आधी बोटाने दाखवायचे, आणि तो आज्ञाधारकपणे तिथंच थांबायचा. मधोमध बघितलं की सगळं पुसलं जातं अशा डोळ्यांनी हा माणूस हे करत होता, आणि हॉलमध्ये ते फक्त मला ठाऊक होतं. मला दोन्ही हात जोडावेसे वाटत होते. सलूनवाल्यांचे चार बॉल शिल्लक असताना सासऱ्यांचा फक्त काळा राहिला. सरळ. दोन हातांवर.

ते वाकले. उभे राहिले. पुन्हा वाकले, पुन्हा उभे राहिले. एकदा वाकलेला हा माणूस न मारता उठलेला तिथं कोणी पाहिला नव्हता.

‘मार ना!’ सलूनवाले ओरडले. ‘आता कसली नाटकं?’

सासऱ्यांनी माझ्याकडे पाहिलं, मग त्यांच्याकडे. ‘दिसत नाही रे,’ ते म्हणाले. ‘सरळ बघितलं की बॉल जातो. बाजूला बघितलं की येतो. वर्ष झालं.’

सलूनवाल्यांच्या चेहऱ्यावर एकेक गोष्ट जुळत गेलेली मला दिसली. ‘म्हणजे मी वर्षभर जिंकत होतो ते...’

‘हो.’

‘गाढवा,’ ते हलकेच म्हणाले. ‘मला का नाही सांगितलंस?’ ते टेबलाला वळसा घालून सासऱ्यांशेजारी आले. मग म्हणाले, ‘वाक.’

सासरे वाकले, पाऊल जागेवर, क्यू रेघेत. सलूनवाल्यांनी त्यांच्या हनुवटीला दोन बोटं लावली, गिऱ्हाइकाला लावावीत तशी, आणि मान जराशी उजवीकडे वळवली. मग चालत जाऊन पॉकेटच्या उजव्या बाजूला उभे राहिले.

‘माझ्याकडे बघ. बॉल आला?’

‘आला,’ सासरे म्हणाले. ‘तू गेलास.’

‘जाऊ दे मला. थोबाड तीस वर्षं बघितलंयस. मार.’

डोळ्यांच्या दवाखान्यात असं बाजूला बघायला शिकवतात, त्याला आठवडे जातात. या न्हाव्याने दोन बोटांत शिकवलं होतं, तेही स्वतः हरण्यासाठी.

क्यू दोनदा मागेपुढे झाली. तिसऱ्यांदा थांबली. सुटली. काळा सरळ गेला आणि पडल्याचा आवाज आला.

‘हरलो,’ सलूनवाले म्हणाले. त्यांच्या डोळ्यांतून घळाघळा पाणी वाहत होतं, आणि सासऱ्यांना ते दिसत नव्हतं. ‘हरलो रे. आईशप्पथ, खराखुरा हरलो.’