मुकी लांडोर

पक्षी बघायचं वेड मला उशिराच लागलं. माजलगावच्या कॉलेजात प्राणिशास्त्र शिकवण्यात निम्मं आयुष्य गेलं होतं. मग एका हिवाळ्यात एका सहकाऱ्याने दुर्बीण हातात दिली आणि धरणाच्या फुगवट्यावर उतरलेले पट्टकादंब दाखवले. हिमालय ओलांडून आलेले ते राखी हंस आमच्या सिंदफणेच्या पाण्यावर आरामात डुलत होते. त्या दिवसापासून माझा एकही रविवार घरी गेला नाही. बायको म्हणायची, "पाखरांनी तुम्हाला पळवलंय." मला त्यात कौतुकच वाटायचं.

मी एक वही सुरू केली. पक्ष्याचं नाव, जागा, तारीख, वेळ. स्वतः पाहिलेलं आणि खात्री पटलेलंच लिहायचं, असा माझा नियम होता. ऐकीव गोष्टींना वहीत जागा नव्हती.

माझी थोरली बहीण, अक्का, गावी राहायची, घाटनांदूरच्या बाजूला. आई लवकर गेली, तेव्हा मला वाढवलं ते तिनेच. नांदायला गेली होती, पण दोन वर्षांत परत आली आणि पुढं शेळ्या राखत राहिली. गावामागचा माळ हेच तिचं जग. पावसाळ्यात तिथं कमरेएवढं गवत व्हायचं. दर श्रावणात तिचा फोन ठरलेला.

"बाबू, मुकी लांडोर आली हाय. येतो का बघाया?"

पहिल्यांदा मी खूप हसलो होतो. लांडोर मुकी नसते हे मी तिला वर्गात सांगावं तसं समजावून सांगितलं. मोराइतकी नाही, पण ओरडते तीही.

"ही न्हाई वरडत," ती म्हणाली. "कोंबडीएवढीच हाय, पर पाय लांब, मान लांब. गवतात हुबी ऱ्हाती, माणूस दिसला की मान खाली घालून जाती निघून. लई लाजरी."

"मग लांडोरीचं पिल्लू असेल."

"पिल्लू दरसाल पिल्लूच ऱ्हातं का रे?"

मी विषय बदलला. माणूस शिकला की हे एक कसब आपोआप येतं.

नंतरच्या श्रावणांतही फोन आले. कधी परीक्षेचे पेपर असायचे, कधी दुसऱ्या तालुक्यातल्या तळ्यावर कुठला तरी पाहुणा पक्षी आल्याची खबर असायची. "तुज्या धरणावर जातूस, मंग माळावर कावून येत न्हाईस?" असं तिने एकदा विचारलं. पुढच्या वर्षी नक्की, असं मी म्हणालो. त्यानंतरही तेच म्हणालो. लांडोर बघायला दोन तासांचा प्रवास कोण करतो? आमच्याकडे मोर-लांडोरींचा काय तुटवडा आहे?

मागच्या जानेवारीत मी धरणावर होतो. पट्टकादंब अगदी काठाजवळ आले होते आणि मी श्वास रोखून बसलो होतो. खिशातला फोन वाजला. अक्काचा होता. "बाबू, माळावर..." एवढंच ती बोलली. थवा बिचकेल म्हणून मी कुजबुजलो, "नंतर करतो," आणि फोन ठेवला. नंतर केला नाही. मुद्दाम नव्हे, राहून गेलं.

महिनाभरात तिला अर्धांगाचा झटका आला. उजवी बाजू गेली, वाचाही गेली. शेळ्या विकल्या आणि तिला दवाखान्यातूनच माजलगावला आणलं. ऐकू सगळं यायचं, समजायचंही सगळं. फक्त तोंडातून शब्द फुटत नव्हता. मी कॉलेजातून आलो की तिच्या खाटेजवळ बसायचो. काय बोलावं ते सुचायचं नाही, म्हणून पक्ष्यांचं पुस्तक उघडून चित्रं दाखवत बसायचो. हा खंड्या, हा धोबी, ही टिटवी. ती नुसती बघायची.

एका दुपारी मी पान उलटायला लागलो आणि तिने डावा हात पानावर दाबून धरला. चित्र होतं तणमोराच्या मादीचं. पिवळसर तपकिरी अंग, लांब मान, लांब पाय, गवतात उभी. शेजारी काळ्या-पांढऱ्या नराचं चित्र होतं, गवताच्या वर उडी मारतानाचं. अक्काने त्याच्याकडे बोट केलं, मग हात वर नेऊन खाली सोडला. दोनदा, तीनदा. नराच्या उडीबद्दल ती मला कधी बोलली होती का? बोलली असेल. मीच ऐकलं नसेल.

मजकूर मला पाठ होता. अत्यंत दुर्मीळ. मादी सहसा आवाज करत नाही. वर्गात मीच हे कितीदा सांगितलं होतं. जो पक्षी बघायला माणसं दोन-दोन राज्यं ओलांडून जातात, तो माझी बहीण शेळ्यांमागे उभी राहून दर श्रावणात बघत होती. आणि मला बोलावत होती.

"हीच का गं अक्का, मुकी लांडोर?"

तिने मान हलवली. चेहरा इतका उजळला की मलाच लाज वाटली.

श्रावण लागल्यावर मी गावी गेलो. निघताना तिला सांगितलं, बघून येतो, वहीत तुझ्या नावानं लिहितो. ती खाटेवरून हात हलवत होती, नको म्हणावं तसा. मला वाटलं, एवढी यातायात नको म्हणतेय.

गावामागे माळ नव्हता. तारेचं कुंपण होतं, आणि आत जमीन सपाट करून सौरऊर्जेच्या निळ्या काचा ओळीने बसवलेल्या होत्या. गवताची काडी दिसत नव्हती. मी कुंपणाला धरून तासभर उभा राहिलो. फाटकावरच्या राखणदाराने दुर्बीण बघून विचारलं, "काय बघायलाव?" मी म्हणालो, "काही नाही."

परतीच्या एसटीत मी ठरवलं, अक्काला खरं सांगायचं नाही.

"दिसली," घरी आल्या आल्या मी म्हणालो. "गवतात उभी होती. तू म्हणायचीस तशीच, लाजरी."

अक्का माझ्याकडे बघत राहिली. मग तिने डावा तळहात चादरीवर ठेवला आणि सावकाश, या टोकापासून त्या टोकापर्यंत, सपाट फिरवला. एकही सुरकुती ठेवली नाही.

म्हणजे तिला माहीत होतं. माळावर यंत्रं चाललेली तिने स्वतः पाहिली होती.

"जानेवारीत फोन केला होतास," मी विचारलं, "तो यासाठीच का?"

तिने होकाराची मान हलवली. माझा हात हातात घेतला आणि थोपटत राहिली, लहानपणी मी पडलो की थोपटायची तसं. तिने रागवायला हवं होतं. मला ते थोपटणं सहन होईना, पण हात काढून घ्यायचीही हिंमत झाली नाही.