चाचांचा कान आणि दोन रडार

आमच्या तेलीबागच्या नेमबाजीच्या रेंजवर एक चाचा एअर रायफली दुरुस्त करायचे. छर्रा सुटला की डोळे मिटून, नुसत्या आवाजावरून सेकंदाला किती मीटर तो वेग सांगायचे, "एक सौ बहत्तर, भैया!" क्लबभर त्या कानाचा दबदबा. मी त्यांची हुबेहूब नक्कल करायचो.

क्लबला वेग मोजणारं रडार घ्यायचं होतं. दोन मागवली, निवड चाचांवर सोडली. त्यांनी एकाच रायफलीतून दहा छर्रे मारले, दर वेळी आधी कानाने वेग सांगितला. पहिल्या रडारचे आकडे खाली-वर नाचत होते, पण चाचांच्या आकड्यांशी जुळत होते. दुसरं एकाच आकड्यावर ठाम.

मी म्हटलं, "पहला लो चाचा, आपका ही भाई है!"

"दूसरा लीजिए. रायफल हमने कसी है, वो इतना नहीं भटकती. हमारा कान भटकता है."

यार, निघताना चाचा म्हणाले, "बेटा, अब हमारी नक़ल आँखें खोलकर करना."