भट्टीवर घेतलेली हजेरी

शाळेत पाऊल टाकण्याआधी साहेब खिडकीबाहेर डोळे मिटून उभे राहायचे. आपण ‘या, बसा’ म्हणायला गेलो की हात वर. “थांबा बाई, आधी शाळा ऐकू द्या.” पाढे, भांडणं, रडारड ऐकून मग आत. तपासणीला आलेला शिक्षण विस्तार अधिकारी असं करताना तुम्ही कधी पाहिलाय? मला तर पहिल्यांदा वाटलं, माणसाला चक्कर आली.

माझी शाळा एकशिक्षकी, पनवेलपलीकडे डोंगराच्या पायथ्याशी, कातकरी वाडीवर. दिवाळी झाली की वाडी पोरांसकट वीटभट्टीवर जायची. मग मी, धुकं आणि भिंतीवरचा नकाशा. दुपारी डोळा लागला की कुणीतरी ‘बाय, पानी पिऊ?’ विचारायचं. दचकून बघावं तर वर्ग रिकामा.

नव्वदनंतरचं ते एक वर्ष. परिपत्रक आलं: हजेरी कमी असलेल्या शाळा बंद करून शेजारच्या शाळेला जोडा. शेजारची शाळा ओढ्यापलीकडे. पावसाळ्यात पहिलीतली पोर तिथं पोचणार कशी? माझं काय, दुसऱ्या शाळेत समायोजन झालं असतं. शाळा मात्र कायमची गेली असती. म्हणून मी लबाडी केली. कॅटलॉगमध्ये, म्हणजे हजेरीच्या वहीत, रोज सगळ्यांना हजर मांडलं.

माघात साहेब आले. खिडकीबाहेर बराच वेळ उभे राहिले. मग आत येऊन त्यांनी वही उघडली.

“बाई, बाहेर तर काहीच ऐकू आलं नाही. वही मात्र गजबजलीय.”

मला ब्रह्मांड आठवलं. रडत रडत सगळं सांगून टाकलं.

“भट्टी कुठंय?” एवढंच त्यांनी विचारलं.

त्यांच्या लूनावर मागे बसून, वही छातीशी धरून मी गेले. धूर कुठला नि धुकं कुठलं, कळत नव्हतं. साहेबांनी कच्च्या विटांच्या थप्पीवर वही ठेवली आणि एकेक नाव पुकारलं. ‘हजर’ म्हणायला मी पोरांना दोन वर्षं शिकवलं होतं. तिथं सगळी विसरली. धुरातून, न दिसता, आवाज येत राहिले.

“हाय.”

“हाय, बाय.”

“मंगळी पन हाय, चिखल तुडवतेय.”

एकेक नाव वाचून झालं की साहेब डोळे मिटून ऐकायचे. तसं सुख मी त्यांच्या चेहऱ्यावर कधी पाहिलं नव्हतं.

परत आल्यावर माझी खोटी हजेरी त्यांनी लाल शाईनं खोडायला लावली, प्रत्येक ओळीवर सही घेतली. कडक माणूस! पण शेरेबुकात लिहिलं: ‘मुले भट्टीवर आहेत, तेथे सर्व हजर. शाळा बंद करू नये. वहीतील चूक ही माझ्या देखरेखीची.’

“साहेब, तुम्ही कशाला अंगावर घेता?”

“तुमची नोकरी अजून नवी आहे बाई, माझी संपत आली.”

चैत्रात, सकाळच्या शाळेला, ते टपाल घेऊन आले. हातात दोन कागद. एक मला दिला. शाळा चालू ठेवायचा आदेश! मी तो तीनदा वाचला. जूनमध्ये कुणाला कुठं बसवायचं ते त्यांना सांगत सुटले. दुसरा कागद त्यांनी घडी घालून खिशात ठेवला.

“पाणी द्या बाई, निघतो.”

जूनमध्ये तपासणीला नवे साहेब आले. त्यांच्याबरोबरच्या शिपायाकडून कळलं, आधीच्या साहेबांची बदली त्याच टपालात आली होती, जिल्ह्याच्या पार दुसऱ्या टोकाला. त्या दिवशी मी त्यांना पाणी दिलं होतं. दुसरा कागद कसला, ते विचारलं नव्हतं.