बेट काही संपेना

आमच्या थोरल्या भावोजींनी जन्मात कुठलीही गोष्ट अर्धी टाकलेली नाही, आणि त्यापायी आमच्या भांडुपच्या दोन खोल्यांत कुणालाच कधी स्वस्थता मिळालेली नाही. भावोजी म्हणजे ह्यांचे सख्खे मोठे भाऊ. एका कंपनीत स्टोअरकीपर होते, लग्न केलं नाही, पहिल्यापासून आमच्यातच राहतात. पेपर हातात घेतला की टेंडरच्या नोटिसांसकट संपवणार. साबणाची चकती बोटाला लागेनाशी होईपर्यंत नवा साबण काढू देणार नाहीत. एकदा ह्यांनी त्यांना मुलुंडला एका लग्नाला म्हणून बसमध्ये बसवून दिलं, तर हॉल मागे टाकून शेवटच्या स्टॉपपर्यंत गेले आणि उन्हातून चालत परत आले. तोवर अक्षता पडून गेल्या होत्या. हे चिडले तर भावोजी शांतपणे म्हणाले, "बस कुठे संपते ते बघायला नको?"

जेवताना तर माझाच जीव टांगणीला लागतो. आमच्या कोकणात वाढणारीने आग्रह करायचा आणि जेवणाऱ्याने ताटावर हात आडवा धरून पुरे म्हणायचं, अशी पद्धत. भावोजींचा हात कधी आडवा आलाच नाही. त्यांच्या मते भांड्यात आहे तोवर जेवण चालू आहे. आमच्या सायलीच्या बारशाला वाढप्याला वाटलं भावोजींना जिलबी फार आवडते, म्हणून तो येतच राहिला, आणि भावोजींना वाटलं त्याचं भांडं रिकामं करून द्यायला हवं. पुढचे दोन दिवस भावोजी ओव्याच्या पाण्यावर होते. तेव्हापासून मी आमटीसुद्धा मोजकीच करते आणि बोलत काही नाही.

बोलणार तरी कशी? थोरल्या दिराने धाकट्या भावजयीशी समोरासमोर बोलायचं नाही, ही आमच्या घरची रीत, आणि मी मुळातच भिडस्त. रीत आता कुणी पाळत नाही, पण आम्ही दोघांनी ती सोडलीच नाही, म्हणजे सोडायला सुरुवात कुणी करायची हेच ठरलं नाही. भावोजींना काही सांगायचं असलं की ते फ्रिजला सांगतात. "चहा होणार असेल तर अर्धा कप चालेल," असं फ्रिजकडे बघून म्हणतात. मी ओट्याकडे तोंड करून "ठेवलाय" म्हणते. सायली म्हणते, "आई, या घरात सगळ्यात समजूतदार माणूस म्हणजे फ्रिज."

अशा माणसाला पोस्टाची तिकिटं जमवायचा नाद लागायला नको होता. जगातली तिकिटं संपायची नाहीत हे त्यांनाही कळत होतं. म्हणून निवृत्त झाल्यावर त्यांनी नकाशात भिंग लावून शोधून शोधून एक बेट काढलं, माशी बसली तर झाकून जाईल एवढं. त्याचं नाव मला आजही धड म्हणता येत नाही, आमच्यात त्याला बेटच म्हणतात. भावोजींनी फ्रिजला समजावलं, "वस्ती आपल्या गल्लीएवढी. माणसं पत्रं लिहून लिहून लिहिणार किती? दोन वर्षांत संपवतो." घाटकोपरचा तिकिटांचा दुकानदार म्हणे तेव्हाच हसला होता. भावोजींना वाटलं, गिऱ्हाईक मिळालं म्हणून हसला.

त्या बेटावर रेल्वे नाही, पण तिकिटांवर इंजिनंच इंजिनं. बर्फ नाही, पण पेंग्विन आहेत, अस्वलं आहेत, घसरगाडीवरची मुलं आहेत. मांजरं, आळंब्या, डायनासोर, कुठल्या कुठल्या राण्या, एकदा तर आपल्याकडच्या सिनेमातली एक नटी. एकेका मांजराचे चार चार प्रकार, शिवाय सोनेरी कडेचं एक मोठं पान. भावोजी चिमट्याने चार मांजरं बसवीपर्यंत दुकानदाराचा फोन येई, "काका, नवीन माल आलाय." मग घरातली पाचवी वही, म्हणजे तो जाड अल्बम, आली. माझी डब्यांची फळी गेली.

सायली एकदा वैतागून म्हणाली, "काका, ही पत्राला लावायला नसतातच. तुमच्यासारख्यांना विकायलाच छापतात. तिकडच्या माणसांनी ती बघितलीपण नसतील."

"मग ती माणसं पत्राला काय लावतात?" भावोजींनी विचारलं. भावोजी दिवसभर त्या माणसांच्या काळजीत होते.

पुढे पुढे त्यांना जगात काहीही घडलं की धसका बसू लागला. कुठे राजपुत्राचं लग्न ठरलं की भावोजींचा चेहरा उतरे. फुटबॉलच्या स्पर्धेत इतर लोक कोण जिंकतं ते बघत, भावोजी किती संघ आहेत ते बघून डोक्याला हात लावत. राणीच्या बागेत पेंग्विनला पिल्लू झालं तेव्हा सायली फोनवर फोटो दाखवायला गेली, तर म्हणाले, "झालं का? आता बेट गप्प बसायचं नाही." करोनात सगळी माणसं आपापल्या घरच्यांसाठी घाबरली होती. भावोजीही घाबरले होते, पण मास्क लावलेल्या मांजराचं तिकीट येणार म्हणून वेगळे घाबरले होते. आणि ते आलंच.

मग डोळ्यांचं निघालं. काचबिंदू. डॉक्टर म्हणाले, गेलेली नजर येत नाही, आहे ती थेंब घालून टिकवायची, जितकी टिकेल तितकी. कडेची नजर आधी जाते म्हणे. भावोजींनी फ्रिजला सांगितलं, "मधला हत्ती दिसतो. तिकिटाच्या कडेचे दाते दिसत नाहीत." त्या दिवसापासून दुकानदाराचा फोन आला की मी मनात म्हणे, आता आणखी किती. हे कामावर, सायली ऑफिसला, तेव्हा थेंब मलाच घालावे लागत. ते पंख्याकडे बघत, मी बाटलीकडे बघे, आणि दोघांच्या मनात एकच हिशेब चाले, की बेट आधी संपतं की नजर. एक गोष्ट अर्धी राहिली तर हा माणूस आंधळेपणापेक्षा त्यानेच खचेल, असं मला वाटे. देवापुढे मी वेड्यासारखं मागितलंही, की त्या बेटाचं पोस्ट बंद पडू दे, माणसं सुखी ठेव, पण पोस्ट बंद पडू दे.

मागच्या श्रावणातल्या एका रविवारी सायली घाटकोपरहून पाकीट घेऊन आली. आली ती पाकीट हातातच धरून उभी. भावोजी टेबलाशी बसून नवीन पान तयार करत होते. मी भात वाफेला ठेवून तिथेच उभी होते.

"काय आहे या खेपेला?" भावोजींनी विचारलं.

"काका, राहू दे ना. नंतर बघू."

"प्राणी की गाड्या?"

"डोळा आहे," सायली म्हणाली. "काचबिंदूचं आहे. थेंब वेळेवर घाला, असं लिहिलंय खाली."

त्यांनी भिंग मागितलं. तिकीट कपाळाला चिकटेल इतकं जवळ नेलं, खिडकीकडे वळून बघितलं, डोकं इकडून तिकडून हलवून कडा शोधल्या. मला वाटलं, आता भावोजी रडणार. तर त्यांच्या पोटातून हसू आलं, खोकला येईपर्यंत आलं.

"पोचले म्हणायचे माझ्यापर्यंत," ते म्हणाले. "आता आणखी काय छापतील?"

"चारचा संच आहे, काका," सायली दबकत म्हणाली. "आणि सोनेरी पान पुढच्या महिन्यात."

भावोजींनी ते एकच तिकीट चाचपत पानावर बसवलं. जरा तिरकं बसलं, तसंच राहू दिलं. बाकीच्या तिन्हींसाठी सायलीने चिमटा पुढे केला, तर त्यांनी पानाच्या उरलेल्या कोऱ्या जागेवर तळहात आडवा ठेवला. पंगतीत माणसं ठेवतात तसा. मग मान वळवली, फ्रिजकडे नाही, माझ्याकडे.

"पुरे गं, सुमन," ते म्हणाले.

माझं नाव त्यांच्या तोंडून मी पहिल्यांदा ऐकलं. मी म्हटलं, "बरं." तेही त्यांच्याकडे बघून.

दुकानदाराचे फोन अजून येतात, सायली परस्पर नाही म्हणते. अल्बम फळीवर आहेत, कधीमधी ते त्यांच्या पाठींवरून हात फिरवतात. बाकी भावोजी होते तसेच आहेत, साबण अजून बोटाला लागेनासा होईपर्यंत वापरतात. फक्त जेवताना आताशा पुरे म्हणायला शिकलेत. काल मी भात वाढायला वाकले, तर त्यांनी समोर बघत, बोलता बोलता हात आडवा धरला. तो ताटाच्या बाजूला, नुसत्या टेबलावर. मी आवाज न करता ताट सरकवून त्यांच्या हाताखाली नेलं आणि म्हटलं, "बरं भावोजी, नाही वाढत."