म्हात्रे सरांचा अडतीस मिनिटांचा कॉल

आधीच सांगतो, असल्या गोष्टींवर माझा काडीचाही विश्वास नव्हता. आमचं घर पडघ्याचं. वडील शाळेत विज्ञान शिकवायचे. कुणाच्या अंगात आलंय म्हटलं की ते म्हणायचे, आधी ताप बघा. मी स्वतः कॉम्प्युटरवाला. लॉगमध्ये, म्हणजे मशीनच्या नोंदीत, दिसेल ते खरं, बाकी अफवा... आणि माझी पंचाईत अशी की ही गोष्ट लॉगमध्ये दिसते.

भिवंडीच्या गोदामपट्ट्यात, हायवेपासून थोडं आत, एक डेटा सेंटर आहे. नाव लिहीत नाही. तिथे मी स्टोरेज सांभाळतो — चोवीस सर्व्हर एकमेकांना जोडलेले, सगळे मिळून एक मोठी तिजोरी, आमच्या भाषेत क्लस्टर. म्हात्रे सर माझे सीनियर. खारबावचे. केबल ओढणारा म्हणून लागले आणि स्वतःच शिकत शिकत वर आले. मला जे काही येतं ते त्यांनी शिकवलं, आणि शिकवलं ते ओरडूनच.

गेल्या वर्षी त्यांना स्ट्रोक आला. ऑफिसच्या ग्रुपवर हात जोडलेल्या इमोजींची रांग लागली. "रिकव्हर होतायत," असं एचआरने कळवलं. त्यांची खुर्ची मला मिळाली. खारबाव बाईकने तासाभराच्या आत आहे. चार महिन्यांत मी एकदाही गेलो नाही.

तो रविवार होता, दिवाळीनंतरचा. नेटवर्कच्या सेटिंग बदलून क्लस्टर वेगवान करायचं काम माझ्याकडे होतं. सर्व्हर एकमेकांना डेटा पाठवतात तो लहान लहान पाकिटांतून, पंधराशे बाइटच्या. ती पाकिटं नऊ हजारांची केली की खेपा कमी होतात, वेग वाढतो. सकाळी नऊला बदल केला... आणि दहा वाजता सगळं गोठलं. दिवे हिरवे, सर्व्हर एकमेकांना "आहे, आहे" म्हणून उत्तर देतायत, पण मोठी फाईल लिहायला घेतली की ठप्प. आतमध्ये एका हॉस्पिटलचे स्कॅन होते. त्यांचे फोन सुरू झाले. रिपोर्ट उघडत नव्हते. जुन्या सेटिंग परत टाकायला गेलो तर अर्धे सर्व्हर कमांडच घेईनात.

बारा वाजून दहा मिनिटांनी मोबाईल वाजला. म्हात्रे सर.

"किती ठेवलंयस?" हॅलो नाही, काही नाही.

"सर! नऊ हजार."

"सगळीकडे?"

"हो, सगळीकडे."

"बघितलंस की नुसतं सांगतोस?"

आवाज अगदी नेहमीचा. कोरडा, किंचित वैतागलेला. मागे कसलाच आवाज नव्हता. म्हणाले, "पाकिटाचे तुकडे करू नको असं सांगून पिंग कर. आठ हजार नऊशे बहात्तर. बाकीचे अठ्ठावीस पत्त्याला लागतात." केलं. एका रॅकमधून दुसऱ्या रॅकमध्ये चाचणीचं एकही पाकीट पोचेना.

"दोन रॅकच्या स्विचमधली जोडणी पंधराशेवरच आहे. आपल्याकडच्या पुलासारखं... टेम्पो जातो, कंटेनर अडकतो."

"पण सर, स्विचवर नऊ हजार दिसतंय."

"लिहिलेलं दिसतंय. लागू झालेलं नाही. रीस्टार्ट केल्याशिवाय घेत नाही तो स्विच."

स्विच रीस्टार्ट केला. मग त्यांनी नेटवर्क कार्डाचे बफर वाढवायला लावले, सगळा भार एकाच प्रोसेसरवर पडत होता तो वाटून घ्यायला लावला. एकेक आकडा तोंडपाठ. पावणेएकच्या सुमारास क्लस्टर धावायला लागलं, पूर्वीच्या जवळपास दुप्पट वेगाने.

"झालं ना? ठेवतो."

कॉल अडतीस मिनिटांचा. तब्येत कशी आहे, हे मी विचारलंच नव्हतं. वर साहेबांना कळवताना सगळं मीच केलं म्हणून कळवलं.

पुढच्या रविवारी मिठाईचा बॉक्स घेऊन खारबावला गेलो. सुनंदा वहिनींनी, म्हणजे सरांच्या बायकोने, दार उघडलं. बाहेरच्याच खोलीत सर कॉटवर पडले होते. नाकात नळी, तोंड एका बाजूला ओढलेलं. मी म्हटलं, "सर, गेल्या रविवारी तुमच्या फोनमुळे वाचलो."

वहिनी माझ्याकडे बघत राहिल्या. "थट्टा करायला आलात का भाऊ?"

"थट्टा कसली वहिनी?"

"चार महिनं झालं, यांची वाचा गेली हाय. एक अक्षर बोलत न्हाय."

मी मोबाईल काढून दाखवला. तारीख, वेळ, अडतीस मिनिटं. त्या आत गेल्या, कमरेच्या किल्लीने कपाट उघडलं आणि सरांचा फोन आणला. बँकेचे मेसेज येतात म्हणून त्या तो चार्ज करून ठेवायच्या. त्यातही तोच कॉल होता... गेलेला.

"त्या रविवारी बारा वाजता मी यांना पुसून काढत होते," वहिनी म्हणाल्या. "इथंच. किल्ली माझ्याकडं."

मग त्यांनी हळूच विचारलं, "आवाज कसा होता?"

"पहिल्यासारखाच."

"माझं काय म्हटलं?"

मी मिठाईच्या बॉक्सची दोरी सारखी करायला लागलो.

"नाव तरी घेतलं?"

"नाही वहिनी... सगळं कामाचंच."

त्या कॉटकडे वळल्या. "चार महिनं तुमचं गू-मूत काढते. मना एक हाक न्हाय मारलीत. आणि तिथं मशीन अडली तर इतका वेळ बोललात?" त्यांनी फोन सरांच्या चालणाऱ्या डाव्या हातात कोंबला. "आता बोला. सुनंदा म्हणा. याच्यासमोर म्हणा!"

सरांच्या घशातून घरघर निघाली. डोळे भरले, लाळ मानेवर ओघळली. वहिनींच्या खांद्यावर टॉवेल होता. त्यांनी पुसली नाही. मीही पुसली नाही. मिठाईचा बॉक्स मांडीवर धरून बसलो होतो, तो तसाच ठेवून निघालो.

दीड महिन्याने सर गेले. दहाव्याला गेलो तेव्हा शेजारच्या बाई सांगत होत्या, शेवटी शेवटी सुनंदा त्यांचं सगळं करायची, पण त्यांच्याशी शब्द बोलायची नाही. आधी दिवसभर बडबडायची. पेपर वाचून दाखवायची.

निघताना वहिनींनी मला अंगणात गाठलं.

"भाऊ, खरं सांगा. त्या दिवशी तुम्ही थट्टाच केली होती ना?"

हो म्हणावं तर त्या शेवटचा दीड महिना विनाकारण गप्प राहिल्या. नाही म्हणावं तर...

"खरं होतं, वहिनी."

त्यांनी मान हलवली. "मग ठीक हाय," म्हणाल्या आणि आत गेल्या.

सरांच्या नंबरचं कॉल-रेकॉर्ड मी नंतर मोबाईल कंपनीतल्या एका ओळखीच्याकडून बघून घेतलं. कॉल खारबावच्या टॉवरवरूनच गेलेला आहे. फोन कुणी लावला, कोण बोललं, मला आजही सांगता येत नाही. इथे कुणाला काही सुचत असेल तर जरूर लिहा. पण "तुमची आठवण काढत होते" एवढं एकच खोटं वाक्य त्या दिवशी माझ्या तोंडून का निघालं नाही, हेही मला कळलेलं नाही. ते मात्र कुणी सांगू नका.